लोह गाळण्याची टाकी आणि दोन माणसांचे पाणी

प्रति,
मा. पाणी तपासणी अधिकारी,
आरोग्य विभाग, कोर्पिवेसी नगरपालिका, फिनलंड

विषय : उन्हाळी घराच्या विहिरीवरील लोहगाळणीचा दाखला; अर्जातील एक रकाना आपल्या कार्यालयाने भरून घेण्याबाबत.
संदर्भ : आपली दि. ९ जून व ३० जूनची पत्रे.

महोदया,

मी ताइस्तो केम्पाइनेन, वय ७४, निवृत्त सुतार, सविनय कळवतो की, तळ्याकाठच्या माझ्या उन्हाळी घराच्या विहिरीत लोह फार आहे. पाणी उपसताना स्वच्छ दिसते, तासाभरात तांबूस होते. वाफेच्या सौनातले पांढरे पंचे एका उन्हाळ्यात विटकरी होतात. माझी पत्नी हिल्क्का एकतीस उन्हाळे सांगत होती, "अरे, गाळणी बसव ना! जावई स्वतःचे पंचे घेऊन येतो, लाज वाटते मला." मी म्हणे, "लोकं लोहाच्या गोळ्या विकत घेतात, तुला फुकट मिळतंय." पहिली काही वर्षे ती हसली.

गेल्या ऑक्टोबरात मी गाळणीची टाकी मागवली, दोन माणसांच्या मापाची. हिल्क्का मार्चमध्ये वारली. गाळणी मेमध्ये आली. आलीच होती, म्हणून बसवली. नातवंडांना ते पाणी द्यायचे तर नगरपालिकेचा दाखला हवा, असे मुलीचे म्हणणे पडले.

पहिला नमुना नापास झाला. कारण विचारता आपल्या कार्यालयातील बाई फोनवर म्हणाल्या, "आजोबा, टाकीत पाणी साचून राहतंय हो. रोज दोघांचं पाणी काढत जा, म्हणजे झालं."

त्या दिवसापासून मी आदेश पाळत आहे. सकाळी दोघांची कॉफी करतो व एक कप ओतून देतो. शनिवारी सौनात दोन घंगाळी भरतो. हिल्क्काचे पंचे स्वच्छ असले तरी धुऊन दोरीवर घालतो. शेजारचा रेइनो कुंपणावरून ओरडला, "काय रे, पाहुणे आलेत वाटतं?" मी म्हणालो, "नाही, नगरपालिकेचं काम आहे." मला रडू येत नाही. मुलीला त्याची काळजी वाटते.

दुसरा नमुना पास झाला. लोह शून्य. आपण अभिनंदन कळवले, त्याबद्दल आभारी आहे.

आता दाखल्याच्या अर्जात 'पाणी वापरणाऱ्यांची संख्या' असा रकाना आहे. दोन लिहावे तर दोघांच्या सह्या लागतात. एक लिहावे तर ही टाकी काढून लहान बसवावी, असा नियम आहे. बाकी सर्व रकाने मी भरले आहेत. या एकासाठी तीनदा बसलो. आकडा मला लिहिता आला नाही. तरी तो आपल्या कार्यालयातून, आपल्या अक्षरात, भरून घ्यावा ही विनंती. आपण जो लिहाल तो मला मान्य आहे.

उत्तर येईपर्यंत मी दोघांचे पाणी काढत राहीन.

आपला, आदेश पाळणारा,
ताइस्तो केम्पाइनेन
दि. ७ जुलै

सोबत :
१. दाखल्याचा अर्ज (एक रकाना कोरा)
२. पाण्याची बाटली, एक
३. हिल्क्काचा पंचा, एक. तपासणीसाठी नाही. किती पांढरा झाला आहे ते कोणीतरी पाहावे, व परत पाठवावा.