बटणांच्या डब्याचे काय करावे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आहे ते फक्त उद्याच्या पोटाच्या ऑपरेशनचे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे कारण नाही. पण म्हणताना ते माझ्याकडे न बघता कागद चाळत होते, त्यामुळे काल माझा डोळ्याला डोळा लागला नाही. गोंद वितळवायच्या ग्लू गनचा प्लग काढला आहे ना, हे दोनदा उठून पाहून आले.

१. राहते घर आणि बँकेतल्या ठेवी मुलगा व मुलगी यांना निम्म्या निम्म्या. याची मला चिंता नाही. दोघे समजूतदार आहेत. माझा जीव अडकला आहे तो आतल्या खोलीत.

२. निवृत्त झाल्यापासून मी त्या खोलीत वस्तू बनवते. पत्र्याच्या डब्यांना सुतळी गुंडाळून पेनस्टँड, कान तुटलेल्या कपांत मेणबत्त्या, रंगवलेल्या बाटल्यांचे दिवे. नात्यातल्या प्रत्येक लग्नाला आणि वाढदिवसाला मी हातचेच दिले. मुलगा म्हणतो, "आई, हे सगळं बाजारात तयार मिळतं." मुलगी म्हणते, "आमच्याकडे ठेवायला जागा कुठे आहे गं?" मी गेल्यावर भंगारवाला येईल आणि एका फेरीत खोली रिकामी करील, याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त धास्ती वाटते. यातले कोणालाच काही नको असेल तर मी इतकी वर्षे काय केले?

३. मुलीला तिच्या बाबांच्या शर्टांचे शिवलेले उशांचे अभ्रे. एकाला खिसा तसाच ठेवला आहे. त्यात ते चष्मा ठेवत. तो उसवू नये. जागा नसेल तर करावी.

४. जावईबापूंना कापडाची मोठी कात्री. तिच्यावर 'फक्त कापड' अशी चिठ्ठी असताना त्यांनी त्याच कात्रीने पुठ्ठ्याचा खोका कापला. तेव्हापासून ती कापड नुसती चावते. जावई पडले, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले. आता कात्री त्यांचीच, हवे ते कापावे.

५. मुलाला ग्लू गन. वापरून झाल्यावर प्लग काढावा. हे वाक्य वकिलांनी दोनदा खोडले, मी दोनदा पुन्हा घातले.

६. बटणांचा डबा ............ यांना. त्यात माझ्या आईपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या विटलेल्या कपड्यांची बटणे आहेत. मुलांना विचारले तर त्यांनी एकमेकांकडे पाहिले. तूर्त जागा कोरी ठेवते.

७. धाकट्या जाऊबाईंना काही ठेवलेले नाही. त्यांच्या नव्या घरासाठी मी ताटलीचे घड्याळ केले होते, आकड्यांच्या जागी बटणे लावून. घाईत सातच्या जागी कोटाचे जाड बटण चिकटवले. काटे बसवल्यावर कळले, मोठा काटा तिथे अडतो. तोवर गोंद वाळला होता आणि निघायची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला गेले तेव्हा भिंतीवर नुसता खिळा होता. मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. तेव्हापासून आमचे बोलणे तब्येतीच्या चौकशीपुरते उरले. ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये, असे वकील सांगतात. म्हणून साक्षीला तिलाच बोलावले आहे.

८. (हे कलम नंतर हाताने लिहिले आहे.) धाकटी आली, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले आणि पेन खाली ठेवले.

"मी नाही सही करणार."

"का गं?"

"केली तर मला काही मिळायचं नाही ना? मला तो डबा हवाय, ताई."

मी म्हटले, "घड्याळ तर काढून टाकलंस."

"टाकलं कुठे? बाहेरच्या खोलीत स्टुलावर चढावं लागायचं. दर तासाला काटा अडतो, बोटानं पुढे सारावा लागतो. म्हणून ओट्यापाशी लावलंय, हाताशी. तुम्ही कधी आत आलात का? सोफ्याच्या टोकावर बसायचं, चहा घ्यायचा नि निघायचं."

"मग ते बटणच काढायचं."

"तुम्ही चिकटवलेलं निघतंय होय!"

मला रडू आले, तेही इथे नोंदवते. वकील पंख्याकडे पाहत बसले. कलम सहामधल्या कोऱ्या जागी धाकट्या जाऊबाई असे वाचावे. उद्या नीट उठले तर बटण बदलून देईन म्हटले, तर ती नको म्हणाली. भीती गेलेली नाही. उद्या दवाखान्यात ती सोबत येणार आहे.

ठिकाण : माझ्याच घरी, जेवणाच्या टेबलापाशी
तारीख : ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची
लिहून देणार : थोरली (सही)

साक्षीदार :
१. कोपऱ्यावरचे औषधवाले (सही). यांना आधी विचारून घेतले, काही नको म्हणाले.
२. वकिलांच्या कचेरीतल्या टायपिस्ट बाई (सही). यांनी एक पेनस्टँड आत्ताच मागून नेला, तो मृत्युपत्रात धरू नये.

ताजा कलम : ग्लू गनचा प्लग काढलेला आहे. धाकटी जाऊन बघून आली.