न वाचलेलं पान

मंगळ. २ फेब्रु. १९६०, पौड
चंद्रानं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी कराराचं तिसरं पान न वाचताच उलटलं. काल दुपारी, ताम्हिणीत, तिच्याच ओसरीवर. तिथून सगळं फिरलं.
कॉलेज अर्धवट टाकून वकीलसाहेबांकडं लागलो ते व्यापाऱ्यांचे करार तपासायला. आज नक्कल काढून पाहिली. तिसऱ्या पानावर, 'हिरड्यासह सर्व झाडे.' तोंडी ठरलेलं वेगळं. तिचे वडील धोंडिबा म्हणालेले, कोळशाला बाकीचं रान तोडा, हिरडा सोडून. खाली त्यांचा अंगठा. त्याखाली माझ्या अक्षरात, 'वाचून दाखविला, समजला.' सही माझी.


बुध. ३
जेवण गेलं नाही. धोंडिबांचे शब्द कानात. "आवो, तुमी वाचलं म्हंजी मी वाचलं. कुटं लावू आंगठा?" चंद्रा हसलेली, "आबा, पावनं लई भराभरा वाचत्यात!" मी चक्क लाजलो होतो. गाढव.

गुरु. ४
व. साहेबांना सांगून टाकलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.
"वाचून दाखवला असं लिहून दिलंयस. आता नाही म्हणालास, तर कोर्ट आधी तुलाच धरेल. गप्प बस."
"आणि त्यांची झाडं?" माझा आवाज चढला.
"मग उद्यापासून येऊ नकोस."
कॉलेजात सरांशी भांडून तडक निघालो होतो. आज खाली मान घालून टेबलाशी बसलो. घाबरलो, दुसरं काय.

शुक्र. ५
व्यापाऱ्याचा मुकादम ऑफिसात आलेला. सोमवारपासून तोड. सुरुवात कुठून, मी सहज विचारल्यासारखं विचारलं.
"हिरड्यापास्नं. बाकीचं काय, पळून जातंय व्हय?"
याच दिवसांत चंद्रा त्या झाडांखाली हिरडा वेचते. कुऱ्हाडवाले आले की तिला कळेल, कुणी...

शनि. ६, सकाळ
धोंडिबांनी सोमवारच्या आत हरकत घेतली तर तोड थांबेल कदाचित. पण त्याला माझा जबाब हवा, की ते पान मी वाचलंच नाही. लिहिलाय. तीनदा फाडून. चौथ्यांदा सही केली, वाकडी आली.
तुरुंग? धोंडिबा अंगावर धावून येतील? येऊ देत. पण तिनं नुसतं बघितलं आणि घरात निघून गेली, तर...
ताम्हिणीची गाडी येईलच. व. साहेब यायच्या आत निघायला हवं, समोर आले की मी पुन्हा टेबलाशी बसेन. ऑफिसच्या उंबऱ्यात उभ्यानंच लिहितोय. जबाब खिशात आहे.
चाललो. दार ओढून घेतो.