मणी गुंडीच्या पोटात

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांचा व्यायाम कर, नुसती शेजारणीला दुखणी सांगत बसू नकोस. इकडची बातमी जरा गंभीर आहे, पण घाबरून जाऊ नकोस.

सोमवारी मी मण्यांचा ट्रे पुसायला काढला होता. घड्याळं दुरुस्त करायचं सोडल्यापासून हात या जुन्या वस्तूंतच रमतात, हे तू जाणतेसच. दारावरची बेल वाजली म्हणून उठलो. परत येतो तर नातबाई गुंडी टेबलाखाली, तोंड मिटून बसलेली. दोन वर्षांची झाली तरी दिसेल ते तोंडात घालते. ट्रेमधला हिरव्या काचेचा, डोळ्यासारखे ठिपके असलेला मणी गायब! तोंडात बोट घालून पाहिलं, पण तोवर तो पोटात गेला होता.

चिरंजीव जहाजावर, म्हणून सूनबाईलाच ऑफिसातून बोलावलं आणि तिघं दवाखान्यात गेलो. एक्स-रेत मणी स्वच्छ दिसला. आठ-दहा दिवसांत आपोआप पडेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला विचारायचं होतं ते मीही विचारून घेतलं. पोरगी मजेत आहे. सूनबाई मात्र तेव्हापासून माझ्याशी शब्दही बोलत नाही. ताट वाढते आणि निघून जाते. चूक माझीच, पण चुकीच्या मानाने हा अबोला मोठा वाटतो.

माया असू दे.

तुझा,
धाकटा


९ मार्च

ती. आत्याबाईंना,
सा. न.

अबोला कशाचा म्हणून तुम्ही विचारलंत, म्हणून लिहिते. बाबांनी ट्रे उघडा टाकला, त्याचा राग केव्हाच गेला. इस्त्री चालू ठेवून मीही दार उघडायला धावलेली आहे. पण दवाखान्यात एक्स-रे समोर लावलेला, गुंडी माझ्या कडेवर आणि बाबा काय विचारतात, तर पोटातल्या आम्लाने मणी विरघळेल का! तेही दोनदा. मणी हजारो वर्षांचा आहे, मला मान्य आहे. पण समोर पोर होती, आत्या.

रोज सकाळी गुंडीचं पॉट मीच चहाच्या गाळणीने तपासते. ती गाळणी नंतर फेकून देणार आहे, तेव्हा तुम्ही आलात की निर्धास्त चहा घ्या.

बाबांना यातलं काही बोलू नका. तब्येत सांभाळा, आणि आमच्यावर जीव आहे तसाच ठेवा.

तुमची,
सूनबाई


११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

सूनबाईने बोलू नका म्हणून बजावलंय, म्हणून लिहून कळवते. नातीच्या पोटात मणी गेला आणि तुला तो विरघळण्याची चिंता पडली? लहानपणी तू फुटक्या बांगड्यांचे तुकडे डबीत भरायचास, तेव्हा आईपुढे मी तुझी बाजू घेतली. उगाच घेतली. खरं असेल तर तिची माफी माग. नसेल तर तिच्यापाशी तोंड उघड, घुम्यासारखा बसू नकोस. मला एका ओळीत कळव.

रागावले आहे, तरी तुझीच,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका ओळीत मावणार नाही. मी तसं विचारलं, हे खरं. पण त्या काळी काचेत कधीकधी शिसं घालत. मणी विरघळला तर ते पोरीच्या रक्तात जाणार. सूनबाईचा चेहरा आधीच पांढराफटक पडलेला, तिच्या कानावर विष हा शब्द पडू नये म्हणून आडून विचारलं. डॉक्टरीणबाईंना रोख कळला. विरघळायची भीती नाही म्हणाल्या, तरी गुंडीचं रक्त तपासायला घेतलं. सूनबाईला ते नेहमीचंच वाटलं. मणी विरघळणार नाही हे ऐकून मण्यासाठीही बरं वाटलं, हे तुझ्यापाशी नाकारत नाही.

तुझं पत्र आल्यावर सगळं तिला सांगितलं. राग निवळेल असं वाटलं होतं, पण ती दुप्पट भडकली. माझ्या मुलीच्या जिवाची गोष्ट माझ्यापासून लपवणारे तुम्ही कोण, म्हणाली. चुकीचं काय बोलली? पण बोलली एकदाची.

काल मणी पडला. रक्ताचा रिपोर्टही चांगला आला. सूनबाईने मणी धुऊन वाटीत घालून माझ्या टेबलावर आणला आणि समोर बसली. लग्न होऊन आल्यापासून तिने माझ्या संग्रहाला हात लावला नव्हता. मणी खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. कुणाचा असेल हो, असं विचारलं. एवढा लहान म्हणजे लहान मुलाच्या गळ्यातला, काही बाधू नये म्हणून आईबाप असे मणी बांधत, हे मी सांगितलं. तिने मणी तळहातावर घेतला. मग हळूच विचारलं, ते मूल मोठं झालं असेल का?

ताई, असे लहान मणी बहुतेक मुलांच्या थडग्यांतच सापडतात. मी म्हणालो, झालं असणार, चांगलं म्हातारं होऊन गेलं असणार. ती हसली, मणी वाटीत ठेवला आणि गुंडीला झोपेतून उठवायला गेली.

म्हणजे पुन्हा लपवलंच. एवढं मात्र तिला कळवू नकोस.

तुझा,
धाकटा