आखूड पेरांचा वाटाणा

माय, आज पुन्हा वर्गात वाटाणा शिकवला. दरसाल तोच धडा. बोलून बोलून घसा कोरडा पडतो आणि यंदा तर कॉलेजच्या माठातही पाणी नाही. उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा यांत फरक एका जनुकाचा. बुटक्याला पेरं तेवढीच असतात, पण एकेक पेर आखूड राहतं, कारण खोड वाढवणारं संप्रेरक त्याला स्वतःला पुरेसं तयार करता येत नाही. पोरं लिहून घेतात. पुढच्या बाकावरची एखादी माझ्या उंचीकडे बघते आणि खाली मान घालून हसते. हसू दे बापडी.

तू दवाखान्यासाठी माझ्याकडे अंबाजोगाईला राहिलीस, तेव्हा मी कॉलेजातल्या दोन कुंड्या मुद्दाम घरी आणल्या होत्या. तुझ्या डोक्यातलं खूळ काढायचं होतं मला. माझ्या लहानपणच्या त्या दुष्काळात छावणीच्या चाऱ्यावर जगलेली आपली एकच म्हैस, आणि तिचं दूध तू सहकारी डेअरीला घालायचीस. त्यावरच घर चालायचं. दादापुरतं तेवढं अर्धा कप चुलीमागं झाकून ठेवायचीस. तो वाढला, माझी उंची दाराच्या कडीपाशीच थांबली. "हिचं दूध डेअरीच्या कॅनात गेलं, म्हणून पोर खुंटली," हे तू येईल त्याला सांगायचीस. माझ्या लग्नाची बोलणी फिसकटायला लागली तेव्हा तर रोज.

मी म्हटलं, माय, हे बघ. दोन्ही कुंड्यांत बी बुटक्या जातीचंच, माती एक, पाणी एक. बुटकेपण बियाण्यातूनच येतं. आजी बुटकी, तू बुटकी, मी बुटकी. तू चष्मा सावरून बघत होतीस. एक वेल वीतभर, दुसरा काठीला धरून तुझ्या कमरेपर्यंत चढलेला.

"मंग ह्यो कावून वाढला?"

मी सांगितलं, त्याच्यावर संप्रेरक फवारलं. बाहेरून मिळालं की तोही वाढतो. त्याचं बी मात्र पुन्हा बुटकंच उगवणार.

बियाण्याचं तू ऐकलंच नाहीस. बुटक्या वेलाच्या पेरांवरून बोट फिरवत बसलीस. इतक्या वर्षांच्या ऊसतोडीनं घट्टे पडलेलं बोट. "पाणी न्हाई लागलं की उसाचंबी कांडं असंच आखूड ऱ्हातंय," म्हणालीस. मग हळूच, "म्हंजी ह्येलाबी येळेला घातलं असतं, तर वाढलं असतं."

तुला मोकळं करायला गेले आणि तुझा दोष तुझ्याच पदरात घालून बसले. माणूस म्हणजे वाटाणा नव्हे. त्याची उंची एका जनुकावर ठरत नाही, जनुकं कितीतरी, शिवाय खाणंपिणं. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच छातीठोकपणे 'नाही' म्हणता आलं नाही. पुढच्याच महिन्यात तू गेलीस, तेच मनात घेऊन. त्यालाही आता किती वर्षं झाली.

त्या दुधानं मी वाढले असते की नाही, मला आजही सांगता येत नाही. वाढले असते तर बोटभर, फार तर. हे काही तुला पोचणार नाही, म्हणून लिहिते. उंचीचं दुःख तूच केलंस, मी कधी केलं नाही. दादा ओठाची साय पुसत उठायचा, तू माझ्याकडे बघून म्हणायचीस, "तू लई शाणी हायस," आणि मी शहाणी व्हायचे. मला वाढायचं नव्हतं, माय. मला नुसतं दूध प्यायचं होतं.