पोळ्याच्या दिवशीचा गोचीड

बाबा, लढाईपायी रॉकेल मिळेनासं झालंय, म्हणून भरदुपारी ओसरीत बसून लिहिते आहे. तुम्ही शेवटच्या आजारातसुद्धा जो प्रश्न विचारत होतात, त्याचं उत्तर मला गेल्या आठवड्यात कळलं. कळलं कसलं, ते माझ्या हातात केव्हाचंच होतं. मीच तुम्हाला दिलं नाही.

नवरा गेला आणि मी रिसोडला तुमच्याकडे परत आले, तेव्हा नातेवाईक म्हणाले, हिला आता पोथी द्या, वाती वळायला कापूस द्या. तुम्ही मला गुरांच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकापुढे बसवलंत. काचेवर रक्ताचा थेंब कसा पसरायचा, रंग किती वेळ ठेवायचा, सगळं शिकवलंत. एकदा मी काच न पुसता पेटीत ठेवली, तर असे कडाडलात की रस्त्यावरचा गाडीवान बैल थांबवून बघायला लागला. राग आला मला, पण खरं सांगू, बरंही वाटलं. बाकीचे सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू आवाजात बोलायचे.

त्या पावसाळ्यात गावात बैल तापानं फणफणत होते आणि लघवीतून रक्त जात होतं. असा एक रोग तुमच्या पुस्तकात होता, पण आपल्याकडचा काही वेगळाच आहे आणि तो गोचिडातून येतो, असा तुम्हाला दाट संशय. पोळ्याच्या सकाळी तुम्ही शेजारच्या आळीत एका आजारी बैलाचं रक्त घ्यायला गेलात, तर मालकानं हात जोडले. आजच्या दिवशी बैलाला सुई नको. दुसरा कुणी असता तर त्यानं सरकारी रुबाब दाखवला असता. तुम्ही मुकाट्यानं परत आलात आणि दारातच हसायला लागलात. "सुई नाई चालत ना, नको. गोचिडानं तं रगत काढूनच ठेवलं हाय. जाय, एक टपोरा पाहून घेऊन ये." एवढं बोलून तुम्ही रिठदहून आलेल्या बैलाचा खूर बांधायला बसलात.

मी चिमटा आणि डबी घेऊन निघाले. गोठ्याच्या दारात मालकीण आडवी आली. वाईट बाई नव्हती हो ती. माझ्या कपाळाकडे बघून हळूच म्हणाली, "माय, आज बैलायचा सन हाय. तू आत नको येऊ." मी डबी मिटून मागं फिरले. घरी आले, मागच्या दारानं परसात गेले, आपल्या तांबड्या गाईच्या कासेजवळचा एक गोचीड उपटला आणि तुमच्यापुढे ठेवला. बैलाचा काय अन् गाईचा काय, शेवटी गोचीडच की, असं मनाला समजावलं.

तिसऱ्या प्रहरापर्यंत तुम्ही भिंगावरचा डोळा काढला नाही. ताटातली पुरणपोळी गार होऊन गेली. मग मला हाक मारलीत. रक्ताच्या कणांत करडईच्या दाण्यांसारखे, जोडीजोडीनं चिकटलेले जीव! तुम्ही म्हणालात, "हे पुस्तकात नाई, बाई." दुसऱ्या दिवशी बैलाच्या कानाचं रक्त घेतलंत, त्यातही तेच. काचा मोठ्या प्रयोगशाळेत गेल्या आणि काही महिन्यांनी उत्तर आलं: हा जीव यापूर्वी कुणी नोंदलेला दिसत नाही. ते पत्र तुम्ही वरच्या साहेबाच्या आधी मला वाचायला दिलंत. केवढा अभिमान वाटला होता तुमचा! अजूनही वाटतो.

पण तुमचं समाधान कुठं होत होतं? हिवाळाभर एकही बैल आजारी पडत नाही, मग मधले महिने हा जीव दडतो कुठं? उंदीर तपासलेत, पाखरं तपासलीत, गवताच्या मुळाशी भिंग घेऊन बसलात. लोक हसले, तुम्ही हटला नाहीत. आणि रोज सकाळी त्याच तांबड्या गाईचं दूध पिऊन कामाला लागत होतात. मागच्या आठवड्यात वाशीमहून आलेला गुरांचा नवा डॉक्टर सहज बोलून गेला, की या तापातून उठलेलं जनावर दिसायला धडधाकट असतं, पण तो जीव वर्षानुवर्षं रक्तात बाळगतं. गोचीड तिथूनच उचलतो. बाबा, आपली तांबडी कालवड असताना याच तापानं आडवी झाली होती. तुम्हीच तिला उठवली होती.

तो गोचीड बैलाचा नाही, आपल्या धडधाकट गाईचा आहे, एवढं एक वाक्य मी बोलले असते तर तुम्हाला उत्तर त्याच दिवशी सापडलं असतं. रागावण्याची भीती नव्हती मला. तुमचा राग तासाभराचा. पण मग बैलाच्या गोठ्यावरून परत का आलीस, असं तुम्ही विचारलं असतं. पोळ्याच्या दिवशी कुणाच्या गोठ्यात मला पाठवू नये, हे साऱ्या गावात एकट्या तुमच्याच ध्यानात आलं नव्हतं. ते तुमच्या ध्यानात आणून देणं माझ्या जिवावर आलं.

हा कागद तुमच्या काचांच्या पेटीत ठेवते आहे. पेटी रोज पुसते मी.