तविताचा व्हिसा आणि तुमची थोर क्षमा

सिडनी, रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय पेनिअमिना काकांना,

मालियाचा सादर नमस्कार. तुमचे गुडघे, काकूंचा दमा, डुकरं आणि नवं छप्पर, सगळं ठीक असावं अशी प्रार्थना. आमचं विचाराल तर आमची डोकी ठिकाणावर नाहीत, आणि (राग मानू नका) त्याला कारण तुम्ही आहात.

गेल्या वर्षी मी गावी आले होते, तेव्हा तिथल्या सामन्यात धावबादावरून माझ्या भाच्यानं, तवितानं, तुमच्या तोंडावर ठोसा मारला. चूकच. कोर्टानं शिक्षा दिली, आम्ही सगळे आपल्याकडच्या पद्धतीनं माफी मागायला डोक्यावर चटया घेऊन तुमच्या दारात बसलो, तुम्ही चटया उचलून माफ केलंत. तिथंच मिटायचं. पण त्याला सिडनीला बायको-मुलीकडे यायचं, म्हणून चारित्र्याबद्दल तुमचं पत्र मागितलं, आणि तुम्ही पडलात गावचे वक्ते! गुन्हा जेवढा मोठा तेवढी क्षमा थोर, ही आपली रीत. म्हणून लिहिलंत, त्या राक्षसी प्रहारानं आभाळ फाटलं, समुद्र मागे हटला, मी मेल्यात जमा झालो, तरी मी क्षमा केली. (काका, त्याच संध्याकाळी तुम्ही माझ्यासमोर भाजलेल्या डुकराचं कातडं कडाकडा चावत होता.) इथल्या व्हिसा देणाऱ्या मंत्र्याला आपली रीत काय ठाऊक? अर्जदार अत्यंत हिंसक, व्हिसा नामंजूर!

मग वरच्या कोर्टात गेलो. चर्चच्या यच्चयावत बायका पांढरे कपडे अन् टोप्या घालून तविताचे गुण सांगायला हजर. वकीलबाई म्हणाल्या, "मालिया, कुणी बोलायचं नाही. तो चांगला की वाईट, हे इथं विचारतच नाहीत."

"मग विचारतात तरी काय?"

"मंत्र्यांनी ठरवताना कायदा पाळला का, एवढंच."

"अगं बाई! म्हणजे पोरगं राहिलं बाजूला, अन् परीक्षा मंत्र्याची?"

शेवयांचे डबे मांडीवर घेऊन आम्ही दिवसभर मुक्यानं बसलो. मला तर कुणाला तरी बदडावंसं वाटत होतं.

शेवटी निकाल लागला. मंत्र्यांनी तुमच्या पत्रातला ठोसा वाचला, क्षमा वाचलीच नाही, सबब निर्णय रद्द. आम्ही तिथंच स्तोत्र सुरू केलं, शिपायानं बाहेर काढलं. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी सांगितलं, जिंकलो म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही, अर्ज पुन्हा त्याच खात्यात, पहिल्यापासून. मी पायरीवर बसून डबा उघडला. दुसरं करणार काय?

आपली,
मालिया

ता. क. नवं पत्र हवंय. छोटं. समुद्र नको, आभाळ नको. "ठोसा मारला, ओठ सुजला, मी माफ केलं, पोरगं चांगलं आहे." बस्स. हे तुम्हाला जमायचं नाही, तेव्हा काकूंना लिहू द्या आणि तुम्ही नुसती सही करा.

आणखी एक ता. क. त्याची मुलगी परवा पहिल्यांदा चालली. तविता तिकडून फोनवर बघत होता, नेमकं तेव्हाच चित्र अडकलं. आवाज तेवढा येत होता. "चालली का? पडली का? सांगा ना कुणीतरी!" लोसाला, त्याच्या बायकोला, रडू आवरेना, मग मीच सांगितलं. एवढं मात्र पत्रात घाला. याला तिखटमीठ लावायची गरज नाही.