संस्कृतीच्या डब्यातल्या पोळ्या

वृषाली,

"आई, दहा किलो गव्हात किलोभर सोयाबीन टाकूनच दळून आणा, आता सगळेच टाकतात," असं तू म्हणाली होतीस. आमच्या पाचोडला सोयाबीन फक्त विकायचं, पोळीत कुणी घालत नव्हतं. मी माळ्यावरच्या डब्यातलं घेतलं. लालसर भुकटी होती, ती माती समजून धुतली आणि वाळवून काल दळून आणलं.

आत्ता डबा पुसताना तळाशी कागद सापडला. ते पेरणीचं उरलेलं, औषध लावलेलं बियाणं होतं. खाऊ नये असं लिहिलंय.

मला चतुर्थी, तूही डबा नेला नाहीस. पण संस्कृतीला त्याच पिठाच्या दोन पोळ्या दिल्यात गं. शाळेत फोन कुणी उचलत नाही, तुझाही लागत नाही. लई भीती वाटतीय.

पिठाला हात लावू नकोस. आल्याबरोबर शाळेत ये. डॉक्टरांना दाखवायला तो कागद मी नेतेय.

अकराला मधली सुट्टी होते, त्याआधी पोचायला हवं. पोरीचं खाणंपिणं मी बघीन, असा शब्द माझ्या ऋतुराजला पुण्याला जाताना दिला होता. पोथीचा अध्याय आज पहिल्यांदाच अर्धा सोडलाय. रिक्षा आली, निघते.

आई